‘आऊट रन’चं जुनं कॅबिनेट घ्यायचंय? आधी सांगाडा बघा, बोर्ड नंतर

सेगा या जपानी कंपनीच्या ‘आऊट रन’ या मोटारीच्या खेळात गाडी सुटायच्या आधी खेळाडूला एकच गोष्ट विचारली जाते: गाणं कुठलं लावायचं? पडद्यावर गाडीतला रेडिओ दिसतो, त्याच्या बटणावर एक हात असतो. स्टिअरिंग फिरवून ‘पासिंग ब्रीझ’, ‘स्प्लॅश वेव्ह’ किंवा ‘मॅजिकल साउंड शॉवर’ यांतलं एक निवडायचं आणि निघायचं. १९८६ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या अड्ड्यांवर, हा प्रकार नवाच होता. त्याआधीचे मोटारींचे खेळ म्हणजे बहुतेक ट्रॅक, लॅप आणि पात्रता फेरी. नामकोच्या १९८२ च्या ‘पोल पोझिशन’नं तो साचा पक्का करून ठेवला होता. ‘आऊट रन’मध्ये हरवायला कुणी प्रतिस्पर्धीच नाही. छत नसलेली लाल गाडी, शेजारी बसलेली मैत्रीण, वाटेत येणारी इतर वाहनं आणि सतत उतरणारं घड्याळ. टप्पा संपला की रस्ता दुभंगतो, डावीकडे जायचं की उजवीकडे ते तुम्ही ठरवायचं. एकूण टप्पे १५, एका फेरीत त्यातले ५ आणि शेवट पाच वेगवेगळे.

हा खेळ सेगाचे रचनाकार यू सुझुकी यांचा. आदल्याच वर्षी त्यांनी ‘हँग-ऑन’मध्ये खेळाडूला मोटरसायकलच्या आकाराच्या मशीनवर बसवून अंगानं झुकायला लावलं होतं. ‘आऊट रन’साठी ते युरोपात गाडीनं हिंडून रस्ते आणि गावं बघून आले. संगीत हिरोशी कावागुची यांचं. गाडी उघड उघड फेरारी टेस्टारोसाच्या वळणाची, पण परवाना घेतलेला नव्हता. त्यामुळे पुढे घरगुती यंत्रांसाठी निघालेल्या काही आवृत्त्यांमध्ये गाडीचं रूप बदलावं लागलं. गंमत म्हणजे टेस्टारोसा उघड्या छताची म्हणून सर्वसामान्य विक्रीला कधी आलीच नाही. सेगानं तिचं छत परस्पर उडवलं. जुन्या बोर्डावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ सर्किटवर, ती गाडी आजही जशीच्या तशी आहे, आणि संग्राहकांच्या ओढीचं ते एक कारण आहेच.

पण मोठं कारण दुसरं. खेळ आज फोनवरही चालतो. चालत नाही ती त्याच्याभोवतीची गाडी: पायाखालचं पेडल, हातातला गिअर, धडक बसली की हिसका देणारं मशीन. म्हणून माझा पहिला आणि शेवटपर्यंत न बदलणारा सल्ला असा: बोर्ड चालू आहे की बंद, यावर भाव ठरवू नका. बोर्ड दुरुस्त होतो, दुसरा मिळतो, नाहीच जमलं तर त्याला पर्याय आहेत. सडलेला लाकडी तळ, तुटलेला डॅशबोर्ड आणि गायब झालेली मोटर यांना सहजासहजी पर्याय नाही. बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात. पडद्यावर चित्र दिसलं की भुलतात आणि खाली टॉर्च मारून बघतच नाहीत.

कुठलं कॅबिनेट हवंय, ते आधी ठरवा

कॅबिनेट म्हणजे बोर्ड, पडदा, स्टिअरिंग असं सगळं ज्यात बसवलेलं असतं ती मशीनची पेटी. ‘आऊट रन’ एकाच रूपात आलेला नाही. सगळ्यात नावाजलेलं डीलक्स: गाडीच्या आकाराचं, आत बसायचं, २६ इंची पडदा आणि वळणांबरोबर डावी-उजवीकडे हलणारं. दुसरं बसायचंच, पण न हलणारं. तिसरं उभं कॅबिनेट, ज्यात गाडी रस्त्याबाहेर गेली किंवा आपटली की मोटर स्टिअरिंगला थरथरवते. चौथं छोटं उभं, त्यात ती थरथरही नाही.

सगळ्यांना डीलक्स हवं असतं. पहिलंच मशीन असेल तर ते घेऊ नका, असं मी सांगेन. जागा, वजन, यांत्रिक भाग आणि सुट्या भागांची टंचाई या चारही गोष्टी एकदम अंगावर येतात. हलणाऱ्या मशीनची मोटर, पट्टे आणि बेअरिंगं वर्षानुवर्षं झिजलेली असतात. शिवाय आर्केडवाले मशीन जुनं झालं की सर्वांत आधी जागा खाणारीच मोडीत काढत, त्यामुळे धड राहिलेली डीलक्स कमी. उभं कॅबिनेट दोन माणसं ट्रॉलीवर घालून हलवू शकतात, त्याची मागची बाजू उघडली की सगळं समोर असतं आणि थरथरणाऱ्या स्टिअरिंगमुळे खेळाची मजाही बरीचशी शाबूत राहते. जागा असेल तर न हलणारं बसायचं कॅबिनेट हा मधला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण तो कुणाच्या यादीत वर नसतो हेही खरं.

निर्णय झाला की मोजपट्टी घ्या आणि घराची दारं, जिने, लिफ्ट, वळणं मोजा. मशीन नंतर मोजा.

विकणाऱ्याला काय विचारायचं

समोरून काढलेला एक फोटो कामाचा नाही. मागचं दार उघडून आतला फोटो मागा. बोर्डाचा जवळून, तळाच्या चारही कोपऱ्यांचा, मागच्या माहितीपट्टीचा (अनुक्रमांक आणि व्होल्टेज त्यावर असतं) आणि टेस्ट मोडमधल्या (मशीन स्वतःची तपासणी करतं त्या पानांवरच्या) पडद्याचा. चालू मशीन म्हणत असेल तर थंड अवस्थेतून सुरू करून किमान पंधरा-वीस मिनिटं चाललेलं बघायला मिळालं पाहिजे. जुन्या बोर्डांचे आणि मॉनिटरचे पुष्कळ दोष तापल्यावरच डोकं वर काढतात. तुम्ही पोचण्याआधीच मशीन चालू करून ठेवलेलं असेल, तर ते बंद करायला सांगा, गप्पा मारा, थंड होऊ द्या. यात कुणाला राग येत असेल तर तेही उत्तरच समजा.

एक प्रश्न हमखास विचारा: हे मशीन मुळात ‘आऊट रन’च होतं का? १९८९ मध्ये सेगानं ‘टर्बो आऊट रन’ काढला आणि तो जुन्या ‘आऊट रन’वर चढवायचं किटही विकलं. त्यामुळे अनेक कॅबिनेटं मधल्या काळात टर्बो झाली, त्यातली काही पुन्हा मूळपदावर आणली गेली. गिअरच्या दांड्यावर जादा बटण, किंवा ते बुजवल्याची खूण, डॅशबोर्डवर दुसऱ्याच नावाच्या स्टिकरचे अवशेष, अशा गोष्टी ही हकिकत सांगतात. त्यात वाईट काही नाही, पण ‘अस्सल, कधी न छेडलेलं’ असा भाव लावला असेल तर ती खूण तुमच्या हातात हवी.

सांगाडा: इथे वेळ घालवा

टॉर्च घेऊन खाली बसा. ही कॅबिनेटं लाकडी फळ्यांची. वर्षानुवर्षं ओलसर गोदामात, पुसलेल्या फरशीवर उभी राहिलेली असतात आणि पाणी खालून चढतं. तळाच्या कडेवर अंगठा दाबून बघा. फळी फुगून पापुद्रे सुटलेले असतील, पेचकसाचं टोक सहज आत जात असेल, तर तो भाग कापून नवी फळी जोडावी लागेल. हे काम होतं, सुतारकाम येणाऱ्याला अवघडही नाही. पण सडका भाग बाजूच्या चित्रापर्यंत चढला असेल तर फळीबरोबर चित्रही जातं, आणि तिथे गणित बदलतं.

बाजूची चित्रं मूळ आहेत की नव्यानं छापलेली, ते कडांवर कळतं. चाळीस वर्षांचं चित्र कडेला घासलेलं, थोडं उडालेलं, उन्हाकडच्या बाजूला फिकट झालेलं असतं. चित्र झकास आणि त्याच्या शेजारची कडेची पट्टी मात्र झिजलेली, असं दिसलं तर चित्र नवं आहे. नवं छापलेलं चित्र म्हणजे फसवणूक असं मुळीच नाही. फसवणूक ते मूळ म्हणून विकण्यात आहे. माझी स्वतःची पसंती ओरखडे असलेल्या मूळ चित्राला. खूप संग्राहक चकचकीतपणाच्या बाजूचे आहेत, आणि हा वाद कधी मिटणार नाही.

त्यानंतर छिद्रं मोजा. रूपांतर करणाऱ्यांनी पॅनेलवर जादा बटणं बसवली, कुलपासाठी लोखंडी पट्ट्या ठोकल्या, नाण्यांच्या दारात भोकं पाडली. लाकडातलं भोक बुजवता येतं. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या डॅशबोर्डमधलं भोक नीट बुजवणं हे वेगळंच कसब आहे. डॅशबोर्ड, स्टिअरिंगमागचं आवरण, गिअरभोवतालची चौकट, पडद्याभोवतीची फ्रेम आणि वरची उजळणारी नावाची पट्टी ही पाच ठिकाणं फोटो काढून ठेवा. पुढे भाग शोधायची वेळ येते ती यांच्यासाठीच.

बसायच्या कॅबिनेटमध्ये सीटचं कापड फाटलेलं असेल तर फार काळजी करू नका, ते नवं शिवून घेता येतं. सीटखालचा लोखंडी सांगाडा मात्र हलवून बघा. वेल्डिंगला तडा गेलेला असेल तर तो आवाज करून सांगतो.

वीज न लावता हाताळून बघा

स्टिअरिंग हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दोन्हीकडे ठाम थांबा लागला पाहिजे. चाक त्या थांब्यापलीकडे जात असेल तर आतला रबरी किंवा लोखंडी अडसर तुटलेला आहे, आणि त्यामागे जोडलेल्या पॉटची (पोटेन्शिओमीटर: चाक किती फिरलं ते बोर्डाला सांगणारा फिरता भाग) बहुधा वाट लागलेली आहे. पेडल दाबून सोडलं की लगेच वर आलं पाहिजे. रेंगाळलं तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात) चिकट घाण आहे.

गिअरला दोनच जागा आहेत, लो आणि हाय, आणि तरी याच भागाची सर्वांत जास्त नासधूस झालेली आढळते. त्याला कारण आहे. मुरलेल्या खेळाडूंना एक युक्ती माहीत असते, ‘गिअर गाचा’ नावाची: योग्य वेळी गिअर झटकन लो करून परत हाय मारला की गाडी रस्त्याबाहेर गेली तरी वेग पडत नाही. ज्या आर्केडमध्ये असे पाचसहा खेळाडू रोज येत, तिथल्या मशीनचा गिअर म्हणजे बडवून काढलेला ढोल. दांडा आडवा हलत असेल, खटका जाणवत नसेल तर आतली यंत्रणा उघडून बुश आणि मायक्रोस्विच बदलावे लागतील. स्विच सर्वत्र मिळतो, स्वस्तही असतो. वाकलेला दांडा सरळ करणं किंवा नवा घडवणं हे मोठं काम.

पहिल्यांदा वीज लावताना

जुनं मशीन घरी आणलं आणि सरळ सॉकेटला लावलं, हा बोर्ड जाळायचा राजमार्ग आहे. आधी माहितीपट्टी वाचा. जपानसाठी बनलेली मशीनं १०० व्होल्टची, इतर देशांतली तिथल्या विजेप्रमाणे. मशीनं मात्र देश ओलांडून फिरलेली असतात आणि मधे कुणी ट्रान्सफॉर्मर बसवला, काढला याची नोंद कुठेच नसते. योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावू नका.

पुढचा क्रम असा ठेवा. मागचं दार उघडा, उंदरांची घरटी आणि धूळ काढा. मुख्य तार, फ्यूज आणि अर्थिंग तपासा. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चंदेरी कागद गुंडाळलेला दिसला तर दचकू नका, पण योग्य मापाचा फ्यूज घाला आणि कुणी तो का काढला असेल याचा शोध घ्या. कनेक्टर एकेक करून बघा: तपकिरी पडलेलं, वितळलेलं प्लास्टिक म्हणजे तिथे वर्षानुवर्षं सैल जोडामुळे उष्णता झाली आहे. अशा ठिकाणी पिना आणि त्यांचं प्लास्टिकचं घर दोन्ही बदलायचं, नुसतं घासून भागत नाही.

आता बोर्डाकडे जाणारी जोडणी काढून ठेवा आणि फक्त पॉवर सप्लाय चालू करा. मल्टिमीटरनं ५ व्होल्टची रेषा मोजा. काही पॉवर सप्लाय बोजा नसेल तर वेडेवाकडे आकडे दाखवतात, त्यामुळे थोडा फरक पडला तर घाबरायचं कारण नाही. पण ६ किंवा ७ दिसत असेल तर बोर्ड लावायचाच नाही. ठीक असेल तर बंद करा, बोर्ड जोडा, परत चालू करा आणि या वेळी मोजमाप पॉवर सप्लायपाशी न घेता थेट बोर्डावरच्या एखाद्या चिपच्या पायांवर घ्या. तारांमध्ये आणि कनेक्टरमध्ये व्होल्ट पडतात. पॉवर सप्लायपाशी ५ आणि बोर्डावर ४.७ असेल, तर बोर्ड रीसेट होत राहील आणि तुम्ही महिनाभर चिपा बदलत बसाल. बोर्डावर ५ च्या आसपास, म्हणजे साधारण ४.९५ ते ५.१ मिळालं पाहिजे.

मॉनिटर

इथे थोडक्यात आणि गंभीरपणे. पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीस हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात आणि मशीन बंद करून प्लग काढल्यावरही ट्यूब भार धरून राहू शकते. पॉवरकडचे मोठे कॅपॅसिटरही (वीज साठवणारे भाग). ट्यूब सुरक्षित रिकामी कशी करायची, हे जाणकाराच्या शेजारी उभं राहून शिका, लेख वाचून नाही. तोवर मॉनिटरच्या चासीला, म्हणजे ट्यूबमागच्या सर्किटला, हात नको.

बघायचं काय? चित्र आक्रसलेलं, कडा वाकलेल्या किंवा डुलणाऱ्या असतील तर बहुधा वाळलेले कॅपॅसिटर, म्हणजे कॅप किट (नव्या कॅपॅसिटरचा संच) घालून काम भागतं. पडदा बंद असतानाही स्कोअरची अक्षरं पुसट दिसत असतील तर तो फॉस्फरवरचा (काचेच्या आतल्या चमकणाऱ्या थरावरचा) कायमचा डाग आहे आणि त्यावर उपाय ट्यूब बदलणं एवढाच. रंग मरगळलेले, तापायला फार वेळ घेणारे असतील तर ट्यूब थकली आहे. बदली मॉनिटर घ्यायचा झाला तर बोर्डाच्या मॅन्युअलमधली वारंवारता आणि मॉनिटरची वारंवारता जुळते का, ते आधी बघा. सेगाच्या त्या काळातल्या सगळ्या मशीनना एकच मॉनिटर चालत नाही. एलसीडी लावू नका, असं मी हट्टानं म्हणेन. ‘आऊट रन’चे झपाट्यानं मोठे होत येणारे ठोकळे ट्यूबवर जसे एकमेकांत मिसळतात, तसे सपाट पडद्यावर मिसळत नाहीत.

बोर्ड: कानानं आणि डोळ्यानं निदान

‘आऊट रन’मध्ये त्रिमितीय काहीही नाही. झाडं, पाट्या, ट्रक ही सगळी सपाट चित्रं, हार्डवेअरच्या जोरावर क्षणाक्षणाला लहान-मोठी केलेली. रस्ता काढायला वेगळी यंत्रणा, तीत रस्त्याचे दोन थर, म्हणून तर वाट दुभंगताना दोन रस्ते एकाच वेळी दिसतात. बोर्डावर मोटोरोला ६८००० जातीचे दोन प्रोसेसर: एक मुख्य, दुसरा प्रामुख्यानं रस्त्याच्या हिशोबासाठी. आवाजासाठी झेड८०, संगीतासाठी यामाहाची वायएम२१५१ चिप आणि आधीच मुद्रित केलेल्या आवाजांच्या नमुन्यांसाठी सेगाची स्वतःची पीसीएम चिप.

ही रचना ध्यानात ठेवली की अर्धं निदान बसल्या जागी होतं. रस्ता ठीक आणि झाडं-गाड्या चिरफाळलेल्या असतील तर दोष स्प्राइटच्या, म्हणजे या सपाट चित्रांच्या, भागात. गाड्या ठीक आणि रस्ताच गायब किंवा वेडावाकडा, तर रस्त्याचा भाग किंवा दुसरा प्रोसेसर. आवाजाचं तर आणखी सोपं. गाण्याची चाल वायएम२१५१ वाजवते, ढोल-ताशे आणि इंजिनाची घरघर पीसीएमकडून येते. चाल ऐकू येते पण ताल नाही, इंजिन मुकं: पीसीएमकडे बघा. ताल आहे, चाल नाही: वायएम२१५१ किंवा तिचे आकडे आवाजाच्या लहरींत बदलणारी वायएम३०१२. सगळंच शांत असेल तर आधी अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरच्या तारा आणि आवाजाचा नॉब तपासा. झेड८० वर आरोप सगळ्यात शेवटी. फक्त एका बाजूनं आवाज येत असेल तर डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून बघा. दोष बाजू बदलतो का, यावरून तो स्पीकरचा की आधीचा ते कळतं.

टेस्ट मोडमध्ये मेमरीची, इनपुटची आणि आवाजाची चाचणी मिळते. मेमरी चाचणीत एखाद्या आयसीचा (चिपचा) क्रमांक ‘बॅड’ दाखवला की घाईनं ती चिप उपटू नका. आधी सॉकेटमधल्या चिपा हलकेच दाबून बसवा, दोन बोर्डांना जोडणारे कनेक्टर काढून स्वच्छ करून परत लावा. जुन्या सॉकेटमधल्या गंजानं जितके ‘खराब’ बोर्ड झालेत, तितके खऱ्या खराब चिपांनी झालेले नाहीत.

बोर्ड अस्सल की नकली? सेगाच्या बोर्डावर ३१५- पासून सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या खास चिपा असतात आणि रॉमवर (खेळाचा प्रोग्राम नि चित्रं साठवलेल्या चिपांवर) ईपीआर- किंवा एमपीआर- अशी लेबलं. त्या जागी साध्या चिपांची गर्दी आणि हाताच्या अक्षरातली लेबलं असतील तर तो नकली बोर्ड असू शकतो. अशा बोर्डाचा संग्राहक म्हणून भाव मूळच्या जवळपासही धरू नये. रॉमच्याही वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. जपानी आवृत्तीत टप्प्यांची मांडणी परदेशी आवृत्तीपेक्षा वेगळी आहे, म्हणून काही जण मुद्दाम तीच शोधतात.

‘टर्बो’चा बोर्ड हाती आला तर एक धोका ओळखून ठेवा. त्यात एफडी१०९४ नावाचा प्रोसेसर असतो. प्रोग्राम उलगडायची किल्ली त्याच्या पोटात बॅटरीवर जपलेली असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि चांगला धडधाकट बोर्ड मुका होतो. उपाय आता उपलब्ध आहे: साधा ६८००० आणि आधीच उलगडलेल्या प्रोग्रामच्या रॉम. मूळ ‘आऊट रन’च्या नेहमीच्या बोर्डांना ही भीती नाही.

स्टिअरिंगचा पॉट: सगळ्यांचा पहिला दुरुस्तीचा धडा

खेळताना गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढली जाते किंवा मध्येच दचकते, तेव्हा दोष जवळपास नेहमी स्टिअरिंगच्या दांड्यामागे बसवलेल्या पॉटचा असतो. मशीन बंद करा, पॉटच्या तीन तारा कुठल्या पायाला आहेत त्याचा फोटो काढा, मग सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक काडी मधल्या पायाला, दुसरी कडेच्या पायाला लावा आणि पॉट अगदी सावकाश फिरवा. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारतो, क्षणभर अनंत दाखवतो आणि परत येतो, अशी जागा बहुधा मधोमध सापडते, कारण सरळ रस्त्यावर चाक तिथेच सतत थोडं थोडं हलत असतं. आतला कार्बनचा थर तिथे घासून गेलेला असतो. कॉन्टॅक्ट साफ करायचा फवारा मारून काही आठवडे निभतात, कायमचा उपाय नवा पॉट.

नवा घेताना जुन्याच्या अंगावर छापलेली ओहमची किंमत तीच हवी, आणि तो लिनियरच (सारख्या फिरण्याला सारखाच आकडा बदलणारा) हवा. आवाजाच्या नॉबसाठी बनलेला लॉग प्रकार बसवला तर गाडी एका बाजूला हळू आणि दुसरीकडे झटकन वळते. दांड्याची जाडी आणि लांबीही जुळवा.

बसवताना खरी गोम आहे. चाक अगदी मध्यावर धरा, पॉटही त्याच्या फिरण्याच्या मध्यावर आणा आणि मगच स्क्रू आवळा. आता टेस्ट मोडच्या इनपुट पानावर जा. स्टिअरिंगचा आकडा आठ बिटांच्या मापात येतो, म्हणून मध्यावर १२८ च्या आसपास, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या मोजणीत) ८० जवळ दिसला पाहिजे. डावीकडे आणि उजवीकडे टोकापर्यंत फिरवून मध्यापासूनचं अंतर दोन्हीकडे साधारण सारखं आहे का बघा. नसेल तर स्क्रू सैल करा, पॉट एखादा दात सरकवा, परत आवळा. चाक सोडून हात बाजूला घेतल्यावर आकडा स्थिर राहतो का, तेही बघा. स्वस्तातला पॉट एकदोन अंक नाचत राहतो आणि तो नाच गाडीत दिसतो. पेडलांच्या पॉटना हीच रीत, फक्त तिथे मध्य बघायचा नसतो: पाय उचलल्यावर खालचा आकडा खरोखर खाली येतो का, एवढं पुरे. येत नसेल तर ब्रेक किंचित लागलेलाच राहतो आणि गाडी कधीच पूर्ण वेग गाठत नाही. असं मशीन घेऊन लोक बोर्डावर संशय घेतात.

हलणारी यंत्रणा

डीलक्समध्ये कॅबिनेट नेमकं कुठे आहे, हे बोर्डाला एका पॉटवरून कळतं आणि दोन्ही टोकांना मर्यादा स्विच असतात. कॅबिनेट एकाच बाजूला जाऊन अडतं, किंवा सुरुवातीलाच हालचाल बंद पडते, तेव्हा आधी हे तीन भाग तपासा, मोटर नंतर. चाचणी घेताना आत कुणाला बसवू नका, हलणाऱ्या फटीत हात घालू नका आणि लहान मुलं खोलीबाहेर. ही मशीनं आर्केडमधल्या देखरेखीत चालायला बनवली होती.

बोर्डावरच्या डिप स्विचमध्ये (मांडणी ठरवणाऱ्या चिमुकल्या खटक्यांच्या रांगेत) कॅबिनेटचा प्रकार निवडायची सोय आहे. उभ्या मशीनमधून काढलेला बोर्ड डीलक्समध्ये घातला आणि मशीन हललंच नाही, तर यंत्रणा उघडायच्या आधी तो स्विच बघा. त्याच स्विचांवर वेळेची सवलत, वाटेतल्या रहदारीची तीव्रता आणि मशीन रिकामं असताना आवाज चालू ठेवायचा की नाही हेही ठरतं. हा शेवटचा घरातल्या इतरांच्या दृष्टीनं महत्त्वाचा.

किती बदलायचं, किती ठेवायचं

भाव ठरवताना माझा क्रम असा असतो: लाकूड, प्लास्टिकचे साच्यातले भाग, यांत्रिक हालचाल, मूळ चित्रं, ट्यूब, आणि मग बोर्ड. बोर्ड शेवटी, कारण त्याला खरोखर पर्याय आहेत. ‘कॅननबॉल’ नावाचं मुक्तस्रोत इंजिन ‘आऊट रन’च्या मूळ कोडचा अभ्यास करून नव्यानं लिहिलेलं आहे, आणि साध्या संगणकाला मूळ कॅबिनेटचं स्टिअरिंग, पेडलं नि मोटर जोडून देणारे इंटरफेस बोर्डही त्याच्या आधारानं बनले आहेत. बोर्ड दुरुस्तीला गेलेला असताना कॅबिनेट बंद ठेवायची गरज नाही. मूळ बोर्डवर मशीन बंद केलं की विक्रमांची यादी पुसली जाते, हीदेखील एक गैरसोय. सुधारित रॉममध्ये ती जपायची सोय आहे.

मात्र जे काही बदलाल ते परत फिरवता येईल असं बदला. मूळ वायरिंगचे जुडगे कापू नका, मधे जोडणीची तार घाला. काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, पिशवीत घालून त्यावर तारीख आणि जागा लिहून कॅबिनेटच्या तळाशी ठेवा. पुढचा घेणारा आधी ती पिशवी उघडतो. चित्रं नव्यानं लावायचीच असतील तर जुनी ओरबाडण्याआधी सरळ उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. छापणाऱ्यालाही त्यावरून रंग जुळवता येतो.

मशीन वापरात ठेवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास चाललेलं मशीन वर्षभर झाकून ठेवलेल्या मशीनपेक्षा कमी कुरकुर करतं. बराच काळ बंद ठेवायची वेळ आली तर प्लग काढा, तळाखाली ठोकळे देऊन फरशीपासून उचला, वरून प्लास्टिक न गुंडाळता सुती चादर घाला म्हणजे आत दमटपणा कोंडत नाही. नाण्यांच्या दाराची किल्ली आतच विसरून दार ओढू नका. टेस्ट मोडचं बटण त्याच दाराआड असतं.